मनोरा त्यांचा, जमीन कोणाची?

लोअर परळ स्टेशनला उतरून मान वर केली की तो दिसतो. पश्चिम रेल्वेच्या गाडीत दाराशी उभे राहिले तरी दिसतो. वरळीच्या, नायगावच्या गच्चीवरूनही दिसतो. ‘वर्ल्ड वन’ या नावाचा हा मनोरा सेनापती बापट मार्गावर उभा आहे. मजले ७६, उंची २८० मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार एकावर एक असा चार वेळा रचला तर चौथ्याचे तेवढे टोक याच्यावर डोकावेल. रात्री त्याच्या डोक्यावर विमानांसाठी तांबडे दिवे लागतात. गावाहून पाहुणा आला की आम्हीच कौतुकाने बोट दाखवतो आणि म्हणतो, “बघा पाव्हणं, ही आमच्याकडची बिल्डिंग.”

‘आमच्याकडची’ म्हणताना आम्ही चुकत नाही. ‘आमची’ मात्र म्हणता येत नाही. ‘आमच्याकडची’ आणि ‘आमची’ या दोन शब्दांमध्ये गिरणगावाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास अडकलेला आहे. आमच्या मुलांना तो शाळेत कोणी शिकवत नाही. म्हणून कुटुंबातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावा असा हा हिशेब आज मांडतो आहोत.

मनोऱ्याच्या खाली काय आहे?

मनोऱ्याच्या खाली श्रीनिवास मिलची जमीन आहे, सुमारे १७ एकर. आज विशीत असलेल्या मुलांना ‘श्रीनिवास’ हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण घरातल्या आजोबांना विचारा. ते मिलचे नाव सांगतील, खाते सांगतील, पाळी सांगतील आणि तिकीट नंबरही सांगतील. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण तिकीट नंबर विसरणार नाहीत.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला आरंभला. पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडी, भायखळा या पट्ट्यात गिरण्याच गिरण्या झाल्या. शेवटी ज्यांच्या जमिनीचा प्रश्न निघाला अशा ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. कोकणातून, घाटावरून, साताऱ्याहून, मराठवाड्यातून माणसे आली. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ज्यांच्या वाट्याला येसकरकी आणि मेलेली ढोरे ओढणे होते, तीही आली. मिलच्या भोंग्याला जात नव्हती. पहाटेचा भोंगा झाला की सगळ्यांची झोप सारखीच मोडायची.

त्या काळी उंच काय होते? मिलची चिमणी. पत्ता सांगताना लोक चिमणी दाखवायचे, मिलचे गेट सांगायचे. चिमणीतून धूर निघतो आहे म्हणजे चुलीवर भात आहे, एवढे गणित शाळेत न गेलेल्या बाईलाही कळायचे. धूर दिसला नाही तर टाळेबंदी किंवा संप. मग वाण्याच्या उधारीची वही जाड होत जायची. उंच वस्तूकडे बघून घरातली चूल पेटणार की नाही हे ओळखायची सवय आम्हाला तेव्हापासूनची आहे. आज आम्ही मनोऱ्याकडे बघतो तेही त्याच डोळ्यांनी.

आत सुद्धा एक भिंत होती

गिरणीचा इतिहास सांगताना सगळे गोडच सांगितले तर तो खोटा होईल. भोंग्याला जात नव्हती, पण खात्याला होती. विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर, अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार! विटाळ होणार! साच्यावरच्या कामाला पगार बरा होता. आमच्या माणसांना मात्र त्रासन खात्यासारख्या कमी पगाराच्या कामावर राहावे लागे. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावून मोर्चात चालणारा सोबती खात्यात गेला की वेगळा व्हायचा.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. तो सहा महिन्यांच्या आसपास चालला. तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना रोखठोक प्रश्न केला की, मालकाकडे न्याय मागता, मग विणाई खात्याचे दार आमच्या माणसाला बंद का? ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घातली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला आणि ती घालावी लागली. मालक आणि कामगार हा एक झगडा, आणि कामगारा-कामगारांतली जात हा दुसरा. दोन्ही झगडे एकाच वेळी लढावे लागतात हा धडा आम्हाला याच गिरण्यांनी दिला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला, तोही याच मातीत.

हे सगळे मनोऱ्याच्या गोष्टीत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ज्या जमिनीवर आज कोट्यवधींची घरे आहेत त्या जमिनीवर आमच्या बापजाद्यांनी दोन पाळ्यांचा घाम तर गाळलाच, पण माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्कही इथेच मागितला. त्या हक्काचा पत्ता ही जमीन आहे.

संप झाला आणि चिमणी थंड झाली

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही, असे जुने लोक आजही म्हणतात. घराघरातली भांडी गेली, मंगळसूत्रे गेली, मुलांच्या शाळा सुटल्या. कोणी गावाला परतले, कोणी कल्याण, बदलापूर, विरारकडे सरकले. बदली कामगाराचे तर नावच हजेरीपटावरून पुसले गेले.

त्या दिवसांत घर चालवले ते बायांनी. काही जणी आधीपासूनच खानावळी चालवत होत्या, एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण घालत होत्या. अशाच खानावळवाल्या बायांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली उभी केली होती. संपात जेवणारेच बेकार झाले आणि खानावळींची वही बुडाली. मग मसाला कुटणे, पापड लाटणे, घरकाम, मासळीची टोपली, जे मिळेल ते. मिल बंद पडली तेव्हा पुरुषांची नोकरी गेली असे लिहिले जाते. बायांच्या कामाची मोजदाद कोणी केली नाही, कारण त्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हते.

जमिनीचे तीन वाटे आणि एक शब्द

आता हिशेबाची खरी मेख बघा.

१९९१ साली सरकारने मिलच्या जमिनीसाठी एक नियम केला. विकास नियंत्रण नियमावलीतला हा ५८ क्रमांकाचा नियम. ढोबळ मानाने सांगायचे तर जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे पडणार होते. एक वाटा महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक वाटा म्हाडाला, सर्वसामान्यांच्या घरांसाठी. उरलेला वाटा मालकाला. सतरा एकरांच्या जागेला हे गणित लावले तर एकेक वाटा साडेपाच-पावणेसहा एकरांचा होतो.

२००१ साली या नियमात बदल झाला. वाटे करायचे, पण सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत, फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे, असा तो बदल. मिलमध्ये मोकळी जमीन असते किती? सगळीकडे शेड, गोदामे, साच्यांची खाती. म्हणजे बागेचा वाटाही आटला आणि घरांचा वाटाही आटला. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयात २००५ साली निकाल लोकांच्या बाजूने लागला होता. पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला.

‘मोकळी’ हा एक शब्द. पण या एका शब्दाने शेकडो एकरांचा हिशेब फिरला. बाबासाहेब कायद्यातल्या एकेका शब्दासाठी रात्र रात्र का जागत होते, ते आमच्या मुलांनी यावरून समजून घ्यावे. मोर्चात घोषणा देणारा पाहिजेच, पण मसुदा वाचणाराही घरात एक तरी पाहिजे.

एका मिलवर दोन पत्ते

२०१० साली ‘वर्ल्ड वन’ची घोषणा झाली तेव्हा तो ११७ मजल्यांचा, ४४२ मीटर उंचीचा होणार होता. राहण्याच्या इमारतींमध्ये जगात सर्वांत उंच, अशी जाहिरात होती. पुढे तेवढ्या उंचीला विमानतळाच्या खात्याची परवानगी मिळाली नाही आणि मनोरा ७६ मजल्यांवर थांबला. २०२० च्या सुमारास तो पुरा झाला. आतली सजावट परदेशातल्या नामांकित कारागिराची, अंगणात तळी आणि बागा.

आणि त्याच २०२० साली, १ मार्चला, गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली. बॉम्बे डाईंग मिल, तिचीच स्प्रिंग मिल आणि आमची श्रीनिवास मिल अशा तीन ठिकाणची मिळून ३,८९४ घरे. त्यात श्रीनिवास मिलच्या जागेवरची घरे ५४४. घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेनऊ लाख रुपये.

म्हणजे एकाच मिलच्या जमिनीवर आज दोन पत्ते आहेत. एका पत्त्यावर आभाळाला टेकलेली घरे. दुसऱ्या पत्त्यावर ५४४ कामगार कुटुंबांची घरे. सोडतीत नाव निघाले की चावी मिळाली असे मात्र झाले नाही. पात्रता, छाननी, वारस दाखला, कर्ज, पुन्हा छाननी. सोडत ते चावी या वाटेत कित्येकांना वर्षे लागली. काहींच्या घरी नाव निघाल्याची बातमी पोचली तेव्हा ज्याचे नाव निघाले तो कामगार फोटोत गेलेला होता.

तरीही आम्ही म्हणतो की ही ५४४ घरे लहान गोष्ट नाही. कोणी दानात दिलेली नाहीत. संप मोडला, पुढारी गेले, डॉ. सामंतांचा १९९७ साली भर रस्त्यात खून झाला, तरी म्हातारे कामगार आणि त्यांच्या बाया आझाद मैदानावर येऊन बसत राहिल्या, तेव्हा ही घरे मिळाली. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली, २०१६ साली आणखी दोन निघाल्या, मग २०२० ची. या चारांची बेरीज १५,८७० घरे होते. अर्ज करणारे होते सुमारे दीड लाख. म्हणजे दहा दारांतले एक दार उघडले, नऊ बंद राहिली.

उरलेल्यांना शेलू आणि वांगणीकडे, म्हणजे कर्जतच्या लाईनवर, घरे देण्याचा सरकारी निर्णय २०२४ साली झाला. ९ जुलै २०२५ रोजी कामगार आणि त्यांचे वारस पुन्हा आझाद मैदानावर जमले. मागणी एकच, घर मुंबईत पाहिजे. सत्तरी-ऐंशीची माणसे पावसाळ्यात छत्री घेऊन आली होती. मिलची जमीन मुंबईत होती, घाम मुंबईत गाळला, मग घर वांगणीला का, हा त्यांचा प्रश्न आहे. मनोऱ्याकडे बघून कोणालाही सुचेल असा तो साधा प्रश्न आहे.

अप्पर काय अन् लोअर काय

मनोरा आला तसे आमच्या वस्तीचे नावही बदलायला निघाले. जाहिरातींत आमच्या लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले. पोस्टमनला जे नाव ठाऊक नाही ते बिल्डरच्या कागदावर आले. ‘लोअर’ म्हटले की घराचा भाव पडतो की काय कोण जाणे!

आम्हाला हसू येते, पण नुसते हसून सोडण्यासारखी ही गोष्ट नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे ज्या समाजाने घरे जळताना पाहिली, त्याला नावाचे मोल वेगळे सांगायला नको. नाव बदलले की आधी कोण राहत होते ते विसरायला सोपे जाते. म्हणून घरात बोलताना लोअर परळच म्हणा. डिलाईल रोड म्हणा, ना. म. जोशी मार्ग म्हणा. श्रीनिवास मिल म्हणा. मुलांच्या कानावर ही नावे पडू द्या.

वर माणसे वाढली, खाली पूल तेवढाच

मनोरे आणि ऑफिसे आली म्हणजे रोज लाखो माणसे आली. पण स्टेशन, पूल, जिने मिलच्या जमान्यातले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले. पुढे २०१८ साली लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक म्हणून बंद केला. तो पुरा खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. पाच वर्षे शाळेची पोरे, दवाखान्याचे पेशंट, भाजीवाल्या बाया वळसे घालत होत्या. काचेच्या आड गाडीत बसलेल्याला वळसा पेट्रोलचा पडतो. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला तो पायांनी मोजावा लागतो.

उंची वाढवायला परवानगी मागतात, तेव्हा खालचा रस्ता किती रुंद आहे हे विचारणारा कोणी नसतो. ही गोष्ट आमच्या नगरसेवकांना, आमदारांना मतदानाच्या वेळी विचारायची आहे. ‘पूल कधी?’ हा प्रश्न ‘पाणी कधी?’ इतकाच हक्काचा आहे.

लिफ्ट कोणती?

आमच्या वस्तीतल्या कितीतरी बहिणी उंच इमारतींमध्ये स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, मुले सांभाळायला जातात. भाऊ सिक्युरिटीत आहेत, हाऊसकीपिंगला आहेत, लिफ्टच्या दुरुस्तीला आहेत. कष्टाची भाकरी आहे, तिच्यात लाज कसली? पण मुंबईतल्या अनेक इमारतींत घरकामाच्या बाईने रहिवाशांच्या लिफ्टने जायचे नाही, सामानाच्या लिफ्टने जायचे, असा दंडक असतो. तिने रांधलेले चालते, तिने भरवलेला घास लेकराला चालतो, पण सात मजले एका पेटीत उभे राहणे चालत नाही.

विणाई खात्याच्या धोट्याची गोष्ट वर सांगितली ती यासाठीच. धोटा गेला, लिफ्ट आली. भिंत जागा बदलते. आमच्या बहिणींना सांगणे असे की कामात वाकावे लागते तेवढे वाका, मनात वाकू नका. पगार, सुट्टी आणि वागणूक या तिन्ही गोष्टी कामाला लागतानाच बोलून घ्या. आठवड्याची सुट्टीसुद्धा आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून ती १८९० साली मिळवली. ते जोतिबांच्या सत्यशोधक चळवळीतले होते.

आता आम्हीही वर चाललो

एवढे सगळे सांगितल्यावर कोणी म्हणेल, तुम्हाला उंच इमारतीच नकोत. तसे मुळीच नाही. उलट आता आमच्यावरच उंच जाण्याची पाळी आली आहे.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ बी.डी.डी. चाळी. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. एका खोलीत तीन पिढ्या राहिल्या. कॉटखाली अभ्यास झाला, पॅसेजमध्ये अंथरुणे पडली. याच चाळींनी १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल सोसली, तेव्हा दलित पँथरचा कार्यकर्ता भागवत जाधव शहीद झाला. याच चाळींत विहारे झाली, १४ एप्रिलला रोषणाई झाली, ६ डिसेंबरला गावोगावहून आलेल्या लोकांना चहा-भाकर मिळाली.

आता त्यांच्या जागी उंच इमारती होत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. ४० मजल्यांच्या इमारती आणि १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे घर. घरातच संडास-बाथरूम. म्हाताऱ्या आईला रात्री पॅसेजच्या टोकाला जावे लागणार नाही, यापेक्षा मोठे सुख कोणते? मुलीला दार लावून अभ्यास करता येईल. बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. पुढे दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांना जागा पाहिजे म्हणून. घर मोठे झाले की पहिला कोपरा पुस्तकांना द्यायचा, हा त्यांचा पायंडा आहे. टी.व्ही.चा नंबर त्यानंतर.

पण मनोऱ्यात राहायला जाणे आणि मनोरा सांभाळणे या दोन गोष्टी आहेत. चाळीला लिफ्ट नव्हती, पंप कमी, वॉचमन नाही. ४० मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली तर तिसाव्या मजल्यावरचे आजारी माणूस अडकले. लिफ्टला वीज लागते, आग विझवण्याच्या यंत्रणेला देखभाल लागते, पाणी वर चढवायला पंप लागतो. हा सगळा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतो. रोजंदारीवरच्या घराला हा हप्ता जड जाईल, दोन-चार महिने थकेल, आणि मग कोणी तरी दलाल गोड बोलत दारात येईल. “एवढ्या पैशात गावाला बंगला होईल,” असे म्हणेल. गिरणगाव असेच रिकामे झाले. पुष्कळ जणांना कोणी हाकलले नाही. खर्च परवडेना म्हणून ते आपल्या पायांनी गेले.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, काही गोष्टी आजच ठरवा.

घराच्या कागदावर पत्नीचे नाव असू द्या. कामगार गेल्यावर वारसाच्या भांडणात किती घरे अडकली आहेत ते आपण पाहतो. लेकीचा हक्कही लेकाइतकाच आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, ते विसरून कसे चालेल?

सोसायटीच्या सभेला जा, आणि घरातल्या बाईने जावे. पाण्याची, लिफ्टची, जिन्याची अडचण तिला जास्त कळते. हिशेबाची वही मागून बघा. मेंटेनन्ससाठी पगाराच्या दिवशीच रक्कम बाजूला ठेवा. भिशी, बचतगट चालवणाऱ्या आमच्या बायांना हे शिकवायला नको.

विहार, वाचनालय, अभ्यासिका यांची जागा नव्या इमारतीत कुठे आहे, ते ताबा घेण्याआधी नकाशावर बोट ठेवून विचारून घ्या. चाळीत दारे उघडी असायची, म्हणून माणूस माणसाला भेटायचा. बंद दारांच्या इमारतीत भेटायला जागा ठरवावी लागेल, वार ठरवावा लागेल.

आणि शेवटचे, ज्यांनी घरासाठी अर्ज केलेला आहे त्यांच्यासाठी. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर मिलच्या कामावर असल्याचा पुरावा हाच या हक्काचा पाया आहे. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, ई.एस.आय.चे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, सर्व्हिस सर्टिफिकेट. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या पंचांच्या घडीत, देव्हारा काढून टाकल्यावर तिथे लावलेल्या तसबिरीमागे असे कागद दडलेले असतात. पेटी साफ करताना ते रद्दीत घालू नका. या रविवारी पेटी उघडा, जो कागद सापडेल त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक गावच्या घरी ठेवा. सतरा एकर जमिनीवर आपला काय संबंध, असे कोणी विचारले तर दाखवायला आपल्याकडे तो कागद आहे.